चार ओळींची जागा

मदर प्रोव्हिन्शियलचा कागद आलाय पुण्याहून.
संस्थेची सद्यस्थिती: चार ओळी.
पुढील आव्हाने: चार ओळी.
एकतीस तारखेच्या आत, टाइप करून.
मोलगीत कालपासून वीज नाही.
हाताने लिहिते आहे, माफी असावी.

घरात अकरा खाटा, माणसं तीन.
उरलेल्या आठ आम्ही उन्हाळ्यात अंगणात काढतो,
कैरीच्या फोडी वाळवायला.
अमचूरचे पैसे दवाखान्याच्या खात्यात, पान बेचाळीस.

सिस्टर क्लेटा चौऱ्याऐंशीची.
कंदिलावर हजारभर बाळंतपणं केली तिने या डोंगरात.
आता इंग्रजी गेली, मराठी गेली,
मल्याळमसुद्धा सामान बांधून दाराशी उभी आहे.
भिली तेवढी राहिली.
रात्री उठून रिकाम्या खाटेचा हात धरते,
म्हणते, जोर लाव, पोरी, डोकं दिसतंय.

सिस्टर अग्नेसिया कुजूर रक्त तपासते.
काचपट्टीवर पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या.
ती पोरं दिवाळीनंतर कोयता घेऊन
बारडोलीकडे उसाला जातात.
हातात एक पातं, रक्तात दुसरं.
गोळ्या चार महिन्यांच्या बांधून देते,
दोन महिन्यांच्या परत येतात, पिशवीतच.

जर्मनीतून पत्र यायचं दर नाताळला,
सोबत ड्राफ्ट, सोबत बर्फाचं चित्र.
ते मूळ घर विकलं. हॉटेल झालंय म्हणे.
तिथल्या सिस्टरांच्या वयाची सरासरी मीच काढली होती एकदा,
एक्क्याऐंशी.
ज्यांनी आम्हाला धाडलं,
त्यांना आंघोळ घालायला आता आमच्या दोघी गेल्यात.
मिशन उलटं वाहू लागलं, मदर,
हे सद्यस्थितीत लिहू, की आव्हानात?

मागच्या महिन्यात जीपमधून एक साहेब आले.
रजिस्टर चाळलं, चहा घेतला नाही.
किती लोक बदललेत, म्हणाले, आजवर?
मी म्हटलं, मोजून अकरा.
सगळ्या गोऱ्या चादरीत आल्या होत्या,
मोरचं पीठ खायला शिकल्या,
सहा जणी मागे महूखाली आहेत. दाखवू?
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

आणि मोगी वसावे.
एकवीस वर्षांची, नंदुरबारला नर्सिंग झालेली.
आठ वर्षांत पहिलीच मुलगी, जी स्वतःहून म्हणाली, यायचंय.
स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता तिने विचारलं,
नाव बदलावं लागतं का?
आजीने देवमोगऱ्यावरून ठेवलंय.
होळीला भाऊ बावा होतो, कमरेला भोपळे बांधून नाचतो रात्रभर,
मी बघायला गेले तर चालेल का?

मला वसईत आई नातू म्हणायची.
व्रतं घेतली आणि मी मारी युफ्रेझिया झाले.
पहिल्यांदा घरी गेले तेव्हा
तिने ते नाव जिभेवर दोनदा उचलून पाहिलं,
खाली ठेवलं,
सिस्टर, जेवलीस का, एवढंच म्हणाली.
मरेपर्यंत मग मी तिचीही सिस्टरच.

मोगीला म्हटलं, विचारते वर.
तर ती लसणाची सालं ओंजळीत घेऊन उठली, दाराशी थांबली.
आणि तुम्ही तिघी गेल्यावर
मी इथे एकटीच का?

याला नियमपुस्तिकेत कलम सापडलं नाही.
दोनदा पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं.

चार ओळी केव्हाच संपल्या. समासात लिहिते आहे.
आव्हाने: वर पाहावे.
मोगीच्या नावाचं तेवढं लवकर कळवा,
होळीला अठरा दिवस आहेत
आणि मी तिला हो म्हणून बसले आहे.

ता. क. जीपचा क्लच गेला आहे.
क्लेटाने आज मोगीचा हात धरला. सोडत नाही.