दहावा

पोटमाळ्याच्या खिडकीतून एक नळी बाहेर गेली आहे,
मनगटाएवढी जाड. चाळीस वर्षं ती श्वास आत घेते,
सोडत मात्र कधीच नाही,
असं उर्वेला लहानपणी वाटायचं.

एप्रिल. पार्नू नदीवरचा बर्फ कडेकडेनं सुटतोय.
शेत अजून पांढरं, मधेमधे काळी माती उघडी,
आणि मातीनं हिवाळाभर पोटात धरलेला रेडॉन
एकदाचा वर येतोय. रंग नाही, वास नाही,
फुटताना तेवढी हवेच्या रेणूंना ढुशी देऊन जातो.
दुसरी ढुशी वरून. कुठला तरी तारा
कधीचा फुटून संपला, त्याचा चुरा
आज, मंगळवारी, स्प्रूसच्या शेंड्यांवर पडतोय.
एक इलेक्ट्रॉन सुटतो. मागे राहतो तो आयन.

तिचा बाप हेल्दुर गावात सांगायचा, मी हवा मोजतो.
दूध घालायला आलेला एल्मार विचारायचा, "मग आज किती भरली?"
"साखरेच्या खड्याएवढ्या जागेत
सहाशे चाळीस ऋण, सातशे दहा धन."

ऋण-धन हे आपले शब्द. त्यांच्याकडे नुसतं उणे आणि अधिक.
पण गोष्ट आपल्या शब्दांत बरी उतरते:
ऋणाला धन भेटतं आणि फिटतं.
तोवर हाताशी मिनिट, दोन मिनिटं.
जे काय करायचं ते तेवढ्यात.

तेवढ्यात आयन पाण्याचे पाचसहा रेणू जवळ ओढतो,
मग आम्लाची वाफ,
मग पाइनच्या राळेचा गंध, उन्हात भाजून जड झालेला.
एवढ्याशा पुंजक्याला विखरायचीच घाई;
भार म्हणजे त्याच्या मनगटावरची पकड.
दीड-दोन नॅनोमीटर ओलांडले की मग सोडलं तरी चालतं.

हेल्दुरचं मत ठाम होतं, तेवीस वह्यांत लिहिलेलं:
आधी भार, मग जन्म. आयनाशिवाय कण नाही.
मग तार्तूहून कारीन आली, सव्वीस वर्षांची.
तिच्या यंत्राला भार नसलेलेही दिसायचे.
तीन वसंत तिनं मोजलं. चौथ्या वसंतात, स्वयंपाकघरात,
राईच्या पावाला लोणी लावता लावता म्हणाली,
"इथं दहातले नऊ उदासीन जन्मतात."

उदासीन म्हणजे दुःखी नव्हे.
कुणाचं देणं नाही, कुणाकडून येणं नाही, इतकंच.
एकमेकांना धरून राहतात, पकड लागत नाही.

हेल्दुर काही बोलला नाही.
उठला आणि सॉना पेटवायला गेला.
धूर नळीपर्यंत पोचला, पडद्यावरचा आलेख सगळा चिखल झाला.
मोजणीच्या दिवशी या घरात कधी चूल पेटली नव्हती.
रात्री लालबुंद होऊन, ओल्या केसांनी परत आला,
दारातच म्हणाला,
"तो दहावा. मी त्याला मोजत होतो."
कारीन हसली नाही,
म्हणून उर्वेला ती आवडली.

आज नळीच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं उर्वेनं पुसलं.
दहा चाळीसला पडद्याच्या तळाशी पिवळा डाग उमटला,
मग वर वळत, उजवीकडे वाढत निघाला.
या आकाराला ते केळं म्हणतात,
जिथं कुणाच्या परसात केळ कधी उभी राहिलेली नाही.
दुपारी बारा नॅनोमीटर. दिवेलागणीला तीस.
उद्या-परवा यातले काही लाटव्हियाच्या रानांवर असतील.
पुरते मोठे झाले, कुणी मधे गिळलं नाही,
तर एखाद्या ढगात थेंबाच्या पोटी बसतील.
त्यातला कोण भार घेऊन जन्मला होता,
ते तेव्हा विचारून उपयोग नाही.
केव्हाच फिटलेला असेल.

वही एक्केचाळिसावी. ती लिहिते:
वारा वायव्य. ऊन. सुरुवात १०.४०.
पंपाचा पट्टा झिजलाय, बदलणे.
एल्मार काठी टेकत फाटकाशी येऊन गेला.
त्याला आकडा सांगायचा राहिला. पाचशे नव्वद.