शुक्रवारी, धूळ काढल्यावर

चार दिवस तोझ होतं. कुवेतमध्ये धुळीच्या वादळाला
एवढंसंच नाव आहे.
खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी पाचव्या दिवशी
मंगफमधल्या या दोन खोल्यांत
साखरेच्या डब्यावरसुद्धा बोटानं नाव लिहिता येत होतं.

सगळं पुसून झालं. उरला शाल्मलीचा कॉम्प्युटर,
ती बारावीसाठी चिपळूणला गेली तेव्हापासून
टेबलाखाली पाय आखडून बसलेला.
कव्हर काढलं. पंख्यावर धुळीची गोधडी,
तिचा एक लांब केस,
आणि तळाशी नाचाच्या ड्रेसची टिकली,
ती आत कशी गेली देव जाणे.

सेल्वराजकडून ब्लोअर आणला, जिन्यात नेऊन असा मारला
की इमारतीचा मिसरी हारिस खोकत वर आला.
मग चकाचक. मग बटण दाबलं.

पंख्यानं अर्धी गिरकी घेतली नि थांबला.
पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धी.
हाक ऐकून कूस बदलावी आणि उठू नये, तसं.

मी स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं
व्हॉल्व्ह, गॅस्केट, नट, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला खण,
काय आलं, काय गेलं, सहीसकट.
आणि इथं सगळ्या वायरी उपटल्या
एकीचीही नोंद न करता.
आपल्याच घरात माणूस एवढा बेफिकीर का होतो?

फोन लावला.
'बाबा, रॅम काढली होतीस?'
रॅम म्हणजे कुठली?
'त्या उभ्या हिरव्या पट्ट्या.'
काढल्या होत्या. पुसल्या पण.
'कशानं?'
चष्म्याच्या फडक्यानं.
ती काही बोलली नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली,
अडीच तास पुढचं जेवण शिजत होतं.
'माझ्या कंपासमध्ये खोडरबर असेल. सोनेरी कडा घास हलक्या हातानं.
मग बसव, क्लिक येईपर्यंत दाब.'
दाबलं.
'आला क्लिक?'
नाही.
'अजून दाब.'
तुटेल गं.
'नाही तुटत. तू घाबरून दाबतोयस.'

क्लिक.
नखाएवढा आवाज. कुलूप लागलं की उघडलं,
कळलं नाही.

पंखा फिरला, फिरतच राहिला. काळ्या पडद्यावर अक्षरं आली,
आणि तारीख: एक जानेवारी दोन हजार बारा.
'आतली बॅटरी गेलीय, नाण्यासारखी असते, उद्या आण.
आता तारीख हातानं घाल.'

लगेच घातली नाही.
त्या तारखेला ती चार वर्षांची,
तिच्या नि तिच्या आईच्या व्हिसाचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकलेला,
मी फहाहीलला, सहाजणांच्या खोलीत, वरच्या बंकवर.
हे यंत्र तर तेव्हा दुकानातसुद्धा आलं नव्हतं.
त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही.
ते आपलं विचारतंय, आज किती तारीख?

तारीख चुकली तर माल परत जातो. घातली.
वेळ घालताना मात्र आधी तिकडचीच पडली.
मग अडीच तास वजा केले.

'कव्हर नीट लावलंस ना?'
लावलं.
टेबलावर एक स्क्रू उरला होता. सगळी भोकं भरलेली.
माल कमी भरण्यापेक्षा जास्त भरणं वाईट,
हे मला कोण सांगणार? खिशात टाकला.

शनिवारी रिफायनरीच्या गेटवर ट्रेमध्ये खिसे रिकामे केले.
किल्ल्या, सिव्हिल आयडी, तो स्क्रू.
नेपाळी गार्डनं तो चिमटीत उचलला, उजेडात धरला.
'ये अंदर का है?'
नाही म्हटलं. घरचा आहे.