बादली

वर्ग सुटला की फरशी मी पुसते.
आत चाळीस अंश, बाहेर उणे एकतीस,
मधल्या बोळात मी, मॉप, बादली
आणि खुंट्यांवर ठिबकत बसलेले कोट.
थंडर बेच्या हिवाळ्यात घाम यायला
आमच्या वडलांच्या वेळी परसात सौना होता.
आता महिन्याचा पास काढतात.

शेवटी सगळे उताणे पडून राहतात.
जोसलिननं मला त्या आसनाचा अर्थ सांगितला: प्रेत.
म्हटलं, त्याचे कशाला पैसे घेतेस,
ते तर एक दिवस प्रत्येकाला जमतं.

रेयो लाम्पिनेन नोव्हेंबरात आला.
रात्री दोनपासून नगरपालिकेचा बर्फ सारणारा ट्रक चालवायचा.
वजन एकशे चव्वेचाळीस.
बूट काढायला बाकावर बसला
आणि बसूनच राहिला.
नाडीपर्यंत हात पोचेना.
मी वाकले, गाठ सोडली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

वीस मिनिटांत बाहेर, चेहरा उकडलेल्या बीटासारखा.
पायरीवरच्या बर्फात जाऊन बसला, नुसत्या बनियनवर.
चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या हंड्यासारख्या
अंगातून वाफा.
वाटलं, हा काही परत येत नाही.
गुरुवारी आला.

मॉपला माणसं कळतात.
कुणाचा घाम चटईपुरता, कुणाचा नुसता टॉवेलला दाखवायला.
रेयोच्या कोपऱ्यात मी दोनदा पिळायची,
आणि बादली उचलताना म्हणायची,
चला, एवढा तर गेला.

पूर्वी ट्रकमध्ये त्याच्याशेजारी सहा डोनट असत.
आता डब्यात सलगम, वाफवलेला मासा,
राईच्या पावाचा चतकोर.
माझ्याजवळ बसून खायचा, हळू,
कुणी मोजत असल्यासारखा.
माझ्या वाढदिवसाला मी वेलदोड्याचा गोड पाव नेला.
त्यानं तुकडा नाकाशी धरला, बराच वेळ,
आणि परत ठेवला.
डोळ्यांत पाणी होतं की घाम,
त्या बोळात सांगता येत नाही.

जानेवारीत काटा एकशे एकवीसवर अडला.
तीन आठवडे.
चौथ्या सोमवारी त्यानं काट्याला लाथ घातली,
काच तडकली, भरपाई दिली,
आणि आत जाऊन एका पायावर उभा राहिला.

मार्चमध्ये मी सवयीनं वाकले.
"राहू दे," म्हणाला, आणि नाडी स्वतः बांधली.
मला उगाच वाईट वाटलं.

मग विचारलंच एकदा,
कुणासाठी रे एवढं? बाई आहे कोणी?
आहे, म्हणाला. बहीण.
मार्केट्टा. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडलेली.
रक्त जुळलं, सगळं जुळलं,
डॉक्टर म्हणाले, या देहातून काढता येणार नाही,
एकशे पाचच्या आत या.
"द्यायला गेलो, तर म्हणाले, आधी कमी होऊन या."
आणि हसला, डबा झाकला.

लोक पोटाला चिमटा काढून पैसा साठवतात.
यानं चिमटा काढून काढून
वाट केली, बोटभर,
सर्जनच्या सुरीपुरती.

जूनमध्ये एकशे चार पूर्णांक सहा.
शेवटच्या दिवशी मी काचेतून पाहिलं,
सगळी प्रेतं ओळीनं, त्यात हा एक,
पोट वर, खाली, वर.
तेव्हा ते आसन मला आवडलं नाही.

मंगळवारी दोघांना टोरांटोला नेलं.
जोसलिनला विचारलं, किडनी भरते किती?
तिनं शोधून सांगितलं, दीडशे ग्रॅम.
घरी गेल्यावर बटाटे तोलत बसले,
चौथा बरोबर निघाला.
शिजवला नाही. खिडकीत आहे.

अजून फोन नाही.
आज त्याच्या कोपऱ्यातली फरशी कोरडी होती.
तरी पुसली,
दोनदा.