बासष्टावा मैल

चॅपेलच्या मागच्या खोलीत माझी चौकी.
दोन शेगड्या, पातेलंभर लीकचं सूप,
मिठात घोळवलेले उकडलेले बटाटे,
आणि वही.
चाळीस वर्षं नर्स होते. वेळ लिहिल्याशिवाय
माझा हात कुणालाही चहा देत नाही.

बाहेर धुकं इतकं
की मेंढ्या फक्त खोकल्यावरून कळतात.
पाटीच्या दगडांच्या उतारावरून एकेक दिवा खाली येतो,
कपाळाला बांधलेला, पेंगुळलेला.
दाराशी पोचला की त्याला पाय फुटतात,
मग चिखल, मग नाव.

जुने अर्ज मी बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत.
पहिल्या वर्षीचा छापील प्रश्न:
'अपघात झाल्यास पत्नीचा फोन नंबर.'
आमच्या पोस्टातल्या ग्वेनोनं त्यावर लिहिलं होतं,
'पत्नी नाही. नवरा आहे,
पण संध्याकाळी तो फोन उचलणार नाही,
पोरांना आंघोळ घालत असेल.'
सगळे पोट धरून हसले.
अर्ज मात्र पुढची अकरा वर्षं
तसाच छापला गेला.

गेल्या हिवाळ्यात बैठक झाली.
इद्वाल म्हणाला, आणि मनापासून म्हणाला,
'बायकांना अडवलंय कुणी? दार तर उघडंच आहे.'
मी डब्यातून हेलेदचं पत्र काढलं.
सहावा महिना आहे, माझी जागा पुढच्या वर्षी द्याल का?
खाली आमचंच उत्तर:
सवलत फक्त दुखापतीसाठी.
त्याच वर्षी गुडघे मुरगळलेल्या तिघांना
जागा राखून ठेवली होती आपण, मी म्हटलं,
त्यातला एक गुडघा तुझा.

इद्वालनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग विचारलं, 'काय काय लागेल?'
पडदा, मी म्हटलं.
पाठ असलेली खुर्ची. खुर्चीला लागून प्लग.
आणि तो खालच्या कपाटातला खोका
वर ठेव, कुणाला मागावा लागू नये.

पडदा नाताळच्या नाटकातला निघाला.
त्यावर सोनेरी कागदाचा तारा, एक टोक निखळलेलं.

पहाटे दोन चाळीसला हेलेद आली.
ओठ निळे, कंचुकी दुधानं भिजलेली,
बाळ सात महिन्यांचं, घरी.
ताऱ्यामागून यंत्राची घरघर सुरू झाली.
बटाटे खाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'जनरेटर का?'
तसंच काहीतरी, मी म्हटलं.

बाटली फ्रीजमध्ये ठेवली,
प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाशेजारी.
वहीत इद्वालनं पट्टीनं एक नवा रकाना आखलाय.
त्याला नाव सुचलं नाही त्याला.
रकाना आहे. मी लिहिलं: बावीस मिनिटं, घड्याळातून वजा.

पण सगळं काही पडद्यानं झाकलं जात नाही.
कोपऱ्यात तेगान बसली होती, एकोणीस वर्षांची,
तासभर, पायाला एक फोड नसताना.
'तीन मैल कुणीतरी माझ्या मागे होतं,' ती म्हणाली.
'मी थांबले की त्याचाही दिवा थांबायचा.
दमलेला असेल बिचारा. असेलच.
मी इथं कुणा बाईची वाट पाहू का?'
यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

हेलेदनं बूट आवळले, तिच्याकडे पाहिलं,
'माझा वेग कासवाचा आहे,' म्हणाली.
'चालेल.'
दोन दिवे कुंपणाच्या दगडांवरून चढून गेले,
कुठला कुणाचा, थोड्या वेळानं कळेना.

सातला तिचा नवरा आला, बाळ छातीशी बांधून.
सुपाच्या रिकाम्या पातेल्यात पाणी तापवून
मी त्यात बाटली धरून उभी राहिले.
'आता कितव्या मैलावर असेल ती?'
मी वही उघडली, सवयीनं.
पुढची चौकी माझी नाही.