पाण्याची कॅसेट

नायनांना गाणी ऐकू येत नव्हती,
म्हणून ते नावावरून निवडायचे.

एकवीस वर्षं घोंगडे वस्तीतल्या कारखान्यात
चार मागांच्या मधे उभं राहून
त्यांचे कान टॉवेलात विणले गेले.
डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं जपा.
उरलंय काय, ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

तरी पगाराच्या दिवशी कन्ना चौकात
इरण्णाच्या टपरीवर उभे राहायचे,
कोरी कॅसेट घ्यायचे, साठ मिनिटांची,
आणि विडीबंडलाच्या कागदामागं लिहिलेली यादी पुढं करायचे.
अट एकच. नावात पाणी पाहिजे.
मराठीतलं पाणी, हिंदीतलं पानी,
आमच्या घरातलं नीळ्ळु, इरण्णाच्या घरातलं नीरु,
कुठलंही चालेल, पण पाहिजे.
इरण्णा म्हणाला, मालक, ही काय आवड म्हणायची?
नायना त्याचे ओठ बघत होते.
म्हणाले, चाल गेली माझी. शब्द वाचता येतो.
आणि हा शब्द आमच्या गल्लीत
पाच दिवसांतनं एकदा येतो.

कॅसेट लागायची ती नळाच्या रात्री.
दाराबाहेर घागरी, पिंप, रंगाचे जुने डबे नंबरानं,
आत आई ओल्या फडक्यातली पानं काढून
पत्र्याच्या मापानं कापत बसलेली,
हजार विड्या सकाळी द्यायच्या असायच्या.
पहिल्या गाण्यात कोण बाई विहिरीवर रडायची.
दुसरं भजन.
तिसऱ्यात एक दारुडा बाईकडं पाणी मागायचा,
आणि ती जे हसायची
त्यानं आईची कात्री एकदम जोरात चालायला लागायची.
नायनांना कुणी सांगितलं नाही.
ते स्पीकरवर तळहात ठेवून बसायचे
आणि नेमकी त्याच गाण्याला मान डोलवायचे.
ढोल जड होता त्यातला.

मी सहावीत होते, मोजत होते:
नदी चारदा, डोळे सहा वेळा, विहीर, तळं, एक गंगा.
नळ कुठंच नाही.
हंड्यावरनं भांडण नाही.
रात्री अडीचला कुणी उठत नाही गाण्यात.

बाराव्या ओळीवर नायनांच्या गोल अक्षरात
नुसतं ‘नीळ्ळोच्चिनै’ होतं.
पाणी आलं.
इरण्णानं हैदराबादचे खोके उपसले,
गुलबर्ग्याच्या मेव्हण्याला पत्र टाकलं,
शेवटी कॅसेट देताना पंजा उलटा केला:
मालक, असं गाणंच नाही बघा.
नायनांनी पैसे बाराचे दिले.

तिथं मग तीन मिनिटं खरखर असायची.
आम्ही तीही ऐकायचो, दिलेल्या पैशांची.

अंबादास तेव्हा चार वर्षांचा.
एका रात्री त्यानं त्या खरखरीत
दोन बटणं एकदम दाबली, लाल धरून,
आणि कॅसेट फिरत राहिली.
आत काय गेलं ते नंतर कळलं:
एक कुत्रं. कात्री. भिंतीपलीकडचा खोकला.
मग नळाचा घसा, हवा, हवा, पुन्हा हवा,
आणि गल्लीच्या टोकापासून आईनं उचललेली,
राजव्वानं पुढं दिलेली, घराघरातनं वाढत आलेली
ती एक हाळी.
मग रिकाम्या पिंपाच्या तळावर पहिली धार.

दोन दिवसांनी, दुपारी,
नायनांनी एकट्यानं कॅसेट लावली.
बाराव्यापर्यंत येऊन त्यांचा हात थबकला.
तळहात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी यादी शोधली,
शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं.
मी मान हलवली. हो, तेच.

ते उठले.
कोपऱ्यातली मोठी घागर घेतली
आणि चप्पल न घालताच नळावर गेले.

पाण्याला अजून तीन दिवस होते.
आई विडीला दोरा गुंडाळत होती, ती थांबली.
आम्ही कुणी हाक मारली नाही.
मारून उपयोगही नव्हता.