मिनिटांचा रकाना

प्रश्नावलीतला सातवा प्रश्न माझा आहे:
सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?
पुढे रकाना. मिनिटं.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात, पत्र्याच्या शेडमागे
टरफलांच्या ढिगाशेजारी टेबल मांडलं पहिल्या दिवशी,
तेव्हा अनसूया कुबल म्हणाली, "पैली एस्टी जाईसर."
फिलोमिन म्हणाली, "चाय दोनदा निवासर."
हलिमाबींनी खाडीकडे बघितलं:
पाणी पुलाच्या तिसऱ्या खांबाला लागेपर्यंत.
म्हणजे किती, मी विचारलं.
तिघी हसल्या. भरती काय रोज एका वेळी येते?

मग मी एक तक्ता केला
जो कुठल्याच शोधनिबंधात जाणार नाही.
पहिली एस्टी म्हणजे सत्तर मिनिटं, घाटात अडकली तर नव्वद.
दोनदा निवलेला चहा, चाळीस.
शेजारणीकडून वेणी घालून घेतली असेल
तर विचारायचं नाही, सरळ दीडशे लिहायचं.

रक्त घेण्याआधी "मूठ मिटा" म्हणावं लागतं.
दर वेळी जीभ अडखळते.
अनसूयाची मूठ अर्ध्यावर थांबते,
टरफलाच्या तेलाने काळी पडलेली,
जणू आत आधीच कुणी येऊन बसलंय.

नळ्या जातात जेटीवरच्या बर्फातून.
बर्फवाला बाबल म्हणतो, "रगताक नि बांगड्याक एकच बरफ, डॉक्टरबाय,"
आणि पैसे घेत नाही.
कुडाळच्या दोन खोल्यांत फ्रीजर उणे ऐंशीवर घुमत असतो;
वीज गेली की मी जनरेटरपाशी उभी,
देवळात उभं राहावं तशी.

शरीर स्वतःलाच परकं समजतं, मी समजावत होते एकदा,
पांढऱ्या पेशी, सांध्यातलं अस्तर, फळ्यावर बाण.
अनसूया म्हणाली, "म्हणजे राखणदार चळलो.
घरच्याकच वळखणा नाय."
वीस वर्षं शिकवतेय मी हे,
इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.
"मग तेका गाऱ्हाणा घालूक व्हया," ती म्हणाली.
घालते ना. दर मार्चमध्ये.
आम्ही त्याला अनुदानाचा अर्ज म्हणतो.
शेवटी "होय महाराजा" म्हणणारं कुणी नसतं एवढंच.

आता नमुना ४१-ब.
तुलनेसाठी घेतलेले निरोगी नातेवाईक, त्या गटातला.
नळीवर नाव नसतं, पण सुई मीच टोचली होती:
दीपश्री, अनसूयाची धाकटी, वय बावीस,
शेडमध्ये सगळ्यांत वेगवान हात.
मूठ मिटली तेव्हा बांगड्या वाजल्या होत्या.
प्रतिपिंडं: खूप. यंत्राला दोनदा विचारलं,
दोनदा तेच म्हणालं.
सूज नाही. वेदना नाही.
पाच वर्षांनी येईल, दहा वर्षांनी,
किंवा येणारही नाही. माझ्या शास्त्राला
एवढंच ठाऊक आहे:
काठीचा आवाज अजून वेशीवर आहे,
पण तोंड घराकडे वळलंय.

संमतीपत्रातलं नववं कलमही माझंच.
वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत.
खाली तिची सही, "श्री"ची वेलांटी लांब ओढलेली.

दुसऱ्या फेरीला गेले. मशीन सोडून आली ती,
पदराला हात पुसत.
प्रश्न सातवा.
"माका?" ती हसली. "एक मिनिट पण नाय."
मी शून्य लिहिलं.
शून्याचा गोल पूर्ण व्हायला वेळ लागला.

तिने मुठीतला काजूगर माझ्या तळहातावर ठेवला.
"खावा. अख्खो आसा."
तुकड्याला भाव नसतो, हे इथे पोरांनाही माहीत.

नववं कलम पिशवीत होतं, चौघांच्या सह्यांनिशी.
मी मूठ मिटली, आणि म्हटलं,
दीपश्री, जरा बस.