केसरहट्टी

गावचा इतिहास लिहायला घेतला
तेव्हा पहिल्या पानावर मी केशर पेरलं.
शाळेत तसंच शिकवलेलं.
रुद्रव्वा अंबिगेर उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती.
‘काय लिहूलास?’
सांगितलं.
सूप खाली ठेवून हसली, पदरानं डोळे पुसले.
‘केसरु म्हणजे राड रे, कन्नडात.
राडीची हट्टी ही.’

पान फाडलं.

नाल्याच्या अल्याड तळं होतं,
तळ्यात लव्हाळं, लव्हाळ्यात पाणकोंबड्या,
काठाला मेढींवर उभी अंबिगांची सात घरं.
मोजणीचा साहेब आला, घोडा पोटापर्यंत रुतला.
नकाशात तेवढा तुकडा त्यानं पांढरा सोडला.
घोडा अजून तिथंच आहे, असं सिद्राय सांगतो,
त्याचं शेत लागूनच आहे म्हणून.

मग चर खणली. तळं नाल्यात गेलं, नाला नदीत.
खणणाऱ्यांची नावं कुठल्या दप्तरात नाहीत.
मोडीतल्या एका चिठ्ठीत एवढंच:
कुदळी अठरा, पैकी परत अकरा.

तळ्याच्या जागी भात आला, असा वासाचा
की वरच्या गावांनी इथं मुली द्यायला सुरुवात केली.
अंबिगांनी होड्या पालथ्या घातल्या
आणि त्यांच्याखाली कोंबड्या डालल्या.

शिलालेख आहे. त्यावर धुणं बडवतात.
धारवाडहून एक प्राध्यापक आले, ठसा घेतला,
म्हणाले, शेवटची ओळ शाप आहे:
हे तळं जो मोडील, त्याचं
पुढचं घोंगड्यांनी पुसलेलं.

वेशीवरची पाटी दोनदा बदलली.
दोन्ही खेपेला भोक खणलं ते भरमाण्णानं,
दोन्ही खेपेला अर्ध्या हातावर पाणी लागलं.

आता तिथं प्लॉट पडलेत. केसर लेआउट.
कमानीवर जांभळं फूल काढलंय.
माझं फाडलेलं पान कुणीतरी उचललं असावं.

ऑगस्टात पाणी आलं ते चर सोडून,
साहेबानं पांढरा ठेवलेला तेवढाच तुकडा भरला,
हातभर इकडं नाही की तिकडं.
चौदा नंबरच्या गच्चीवरून माणसं ओरडायला लागली.

सातांतली एक होडी उरली होती.
रुद्रव्वानं कोंबड्या हुसकल्या,
तळाच्या भोकात मूठभर राड थापली,
वल्हं घेतलं.
मी वही डोक्यावर धरून बसलो.
कमानीखालून जाताना दोघंही वाकलो.
‘आता लिहून घे,’ ती म्हणाली,
‘हितं आमचा उंबरा होता.’